'बनवाबनवी'चा वाद : चार तरुण, दोन साड्या आणि एक भाड्याचे घर

१/ मराठी घरांत एक वाद ठरलेला असतो. सुटीच्या दुपारी दूरचित्रवाणीवर 'अशी ही बनवाबनवी' लागतो. वडीलधारी मंडळी पात्रांच्या आधीच संवाद म्हणू लागतात, आणि कोपऱ्यात बसलेले कुणी तरुण हळूच विचारते, "यात एवढे थोर काय आहे?" मग पानातले अन्न निवते, पण वाद निवत नाही. आजचा धागा त्या प्रश्नासाठी आहे. तो प्रश्न उद्धट मुळीच नाही. तो इतिहासाचा प्रश्न आहे, आणि 'तुला विनोद कळत नाही' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

२/ आधी थोडी ओळख. चित्रपट २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, निर्माते किरण शांताराम, लेखन वसंत सबनीस यांचे. धनंजय माने (अशोक सराफ), त्याचा धाकटा भाऊ शंतनू (सिद्धार्थ रे) आणि सुधीर (सचिन) व परशुराम (लक्ष्मीकांत बेर्डे) हे दोन मित्र पुण्यात डोक्यावर छप्पर शोधत आहेत. घरमालकीण लीलाबाई काळभोर (नयनतारा) यांना बिऱ्हाडकरू हवेत ते जोडपीच. मग परशुरामाची 'पार्वती' होते, सुधीरची 'सुधा' होते, आणि एका खोट्यापायी दहा खोटी उभी राहतात.

३/ या चित्रपटावरचे आक्षेप मुख्यतः तीन. पहिला, कथा उसनी आहे. दुसरा, पुरुषांनी साडी नेसण्यावर आणि स्त्रियांना फसवण्यावर सारा विनोद उभा आहे. तिसरा, अशा चित्रपटांच्या लाटेने मराठीतला गंभीर सिनेमा झाकोळून गेला. चाहत्यांचे उत्तर मात्र एकच असते: शंभरदा पाहिला तरी हसू येते. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. हसू का येते, आणि ते कोणाला येत नाही, हे तपासायला हवे. एकेक आक्षेप घेऊ.

४/ तत्पूर्वी एवढे ध्यानात ठेवू की लोकप्रिय विनोदी चित्रपटावरून भांडणे ही आपली जुनी रीत आहे. १९३८ साली आचार्य अत्रे यांनी लिहिलेला, मास्टर विनायक यांचा 'ब्रह्मचारी' आला. मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखावरून केवढा गहजब झाला! त्याच चित्रपटाला प्रेक्षकांनी डोक्यावरही घेतले. १९७१ च्या 'सोंगाड्या'नंतर दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी विनोदावर सुशिक्षित मंडळी नाके मुरडत राहिली आणि चित्रपटगृहे भरत राहिली. या 'सोंगाड्या'चे लेखकही वसंत सबनीसच होते. हे नाव पुढे पुन्हा येईल.

५/ आक्षेप पहिला : उसनी कथा.
आक्षेप खरा आहे. याच कल्पनेवर हृषीकेश मुखर्जी यांनी १९६६ साली 'बीवी और मकान' हा हिंदी चित्रपट केला होता. तेथे मित्र पाच, आणि साडी नेसणारे दोघे म्हणजे विश्वजित व केश्टो मुखर्जी. मेहमूदही त्यात होते, संगीत हेमंतकुमारांचे. त्याही आधी, १९५५ साली, बंगालीत 'जय मा काली बोर्डिंग' येऊन गेला होता. म्हणजे कथेचा प्रवास कोलकाता, मुंबई, पुणे असा झाला. 'मूळ कल्पना आमची' असा दावा मराठी माणसाला करता येणार नाही.

६/ पण मग एक प्रश्न उरतो. हृषीकेश मुखर्जींसारखा दिग्दर्शक, मेहमूदसारखा विनोदवीर, आणि तरीही 'बीवी और मकान'ला फारसे यश लाभले नाही. आज त्याचे नाव जाणकारांपुरते उरले आहे. तीच कथा बावीस वर्षांनी मराठीत आली आणि घराघरांत शिरली. कथा हेच यशाचे मर्म असते, तर असे झाले नसते. तेव्हा 'उसने घेतले का?' एवढ्यावर न थांबता 'उसने घेऊन काय केले?' असे विचारावे लागते.

७/ मराठी रंगभूमीने हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संशयकल्लोळ' हे मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनापासून, मर्फीच्या इंग्रजी नाटकाच्या वाटेने, मराठीत आले. आधी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' म्हणून, पुढे १९१६ मध्ये संगीत नाटक म्हणून. पु. ल. देशपांडे यांचा 'अंमलदार' गोगोलवरून आणि 'ती फुलराणी' शॉवरून. यांना 'चोरी' कोणी म्हणत नाही, कारण फाल्गुनराव आणि अश्विनशेठ आपल्याच आळीतले वाटतात. परकी कथा आपल्या अंगणात रुजवणे, म्हणजेच 'बेतणे', ही आपल्याकडे एक स्वतंत्र कला मानली गेली आहे.

८/ 'बनवाबनवी'चे मोजमाप या फूटपट्टीने करावे. सोंग तर फार पुढे सुरू होते. त्याआधी बराच वेळ चित्रपट विश्वास सरपोतदारांच्या (सुधीर जोशी) घरात रमतो. कंजूष, संशयी, भाडेकरूच्या पाहुण्यांवर डोळा ठेवणारा घरमालक. त्याच्या मधुमेहाच्या औषधाच्या नावाखाली लाटलेले ते ७० रुपये आणि त्या रुपयांचे पुढे झालेले 'निधन' आजही म्हणीसारखे वापरले जाते. दारात उभे राहून धनंजय मान्यांचा पत्ता विचारणारा तो साधा प्रश्नही तसाच. हे सारे बंगालीतून वा हिंदीतून आलेले वाटत नाही; ते पुण्यातल्या बिऱ्हाडाच्या भाषेतून आलेले वाटते. सबनीसांचे काम येथे दिसते.

९/ आता थोडे पडद्याबाहेर जाऊ. चार धडधाकट तरुणांना एक खोली मिळण्यासाठी साडी नेसावी लागते, ही कल्पना १९८८ च्या प्रेक्षकाला अशक्य वाटली नाही. आजच्या तरुण प्रेक्षकाला ती ताणलेली वाटते. या दोन प्रतिक्रियांमधले अंतर विनोदबुद्धीचे नसून घरभाड्याच्या इतिहासाचे आहे. आणि तो इतिहास सुरू होतो १९४० पासून.

१०/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत माणसे लोटली आणि भाडी भडकली. त्यावर उपाय म्हणून नियंत्रणे आली आणि १९४७ मध्ये मुंबई प्रांताचा भाडेनियंत्रण कायदा झाला. तो पुण्यालाही लागू होता. जुन्या घरांचे 'प्रमाणभूत भाडे' साधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्याला खिळवले गेले, आणि भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येणार नाही असे संरक्षण मिळाले. हेतू चांगला होता. असंख्य सामान्य कुटुंबे त्यामुळे शहरात टिकून राहिली. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत अर्धशतक चालला.

११/ परिणाम काय झाला? महागाई वाढत गेली, भाडे तेथेच राहिले. घरमालकाला डागडुजी परवडेना आणि भाड्याने देण्यासाठी नवे घर बांधण्यात कोणाला रस उरेना. मुंबईत पागडी फोफावली. १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. ते त्यांच्या दृष्टीने न्याय्यच होते. पण रिकामी खोली असलेल्या प्रत्येक मालकाने त्यातून घेतलेला धडा वेगळा होता: आत आलेला माणूस बाहेर जाईलच असे नाही.

१२/ एका वाक्यात सांगायचे तर, दाराच्या आत भाडेकरू राजा आणि दाराबाहेर घरमालक राजा. म्हणून सारी परीक्षा उंबरठ्यावरच व्हायची. नोकरी कुठे, गाव कोणते, माणसे किती, लग्न झाले आहे का? एकदा आत घेतल्यावर अधिकार संपणार असेल, तर आत घेण्यापूर्वी माणूस पारखून घेणे मालकाला शहाणपणाचे वाटे. लीलाबाईंची जोडप्यांची अट वरवर पाहता एका म्हाताऱ्या बाईचा हट्ट आहे. पण तसले हट्ट करण्याची ताकद टंचाईने दिलेली होती. चित्रपटात कायद्याचा उल्लेख नाही. त्याची गरजही नव्हती. प्रेक्षक त्या व्यवस्थेतच राहत होता.

१३/ पुण्याची स्थिती आणखी बिकट. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतील हजारो घरे वाहून गेली वा मोडकळीस आली. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखाने उभे राहत होते आणि शिक्षणासाठी येणारी मुले वाढत होती. १९५१ साली पाच लाखांच्या आत असलेली शहराची लोकसंख्या १९८१ च्या जनगणनेत बारा लाखांवर गेली. नोकरीसाठी आलेला धनंजय आणि वैद्यकीय शिक्षणासाठी आलेला शंतनू ही त्या आकड्यातली दोन माणसे आहेत.

१४/ या गोष्टीचा शेवटही सांगून टाकू. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भाडी अशी गोठवून ठेवणे आता समर्थनीय राहिलेले नाही. नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि हळूहळू अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार ही शहरांतली नेहमीची गोष्ट झाली. आजचा तरुण दलालाला पैसे देतो, अनामत भरतो आणि राहू लागतो. त्यालाही अडचणी आहेत, पण त्या वेगळ्या. म्हणून वडील हसतात तेव्हा त्यांना आपले पहिले बिऱ्हाड आठवत असते, आणि मुलाला दिसतो तो केवळ साडी नेसलेला नट.

१५/ आक्षेप दुसरा : साडीतला पुरुष.
हे निव्वळ थिल्लरपण, असे म्हणण्यापूर्वी एक योगायोग पाहा. चित्रपट आला ते १९८८ हे बालगंधर्वांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते (जन्म २६ जून १८८८). 'मानापमाना'तली भामिनी, 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, 'एकच प्याला'तली सिंधू या भूमिका एका पुरुषाने केल्या, आणि प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे अनुकरण करत. आपल्या रंगभूमीचा सुवर्णकाळ ज्याला म्हणतात, तो साडी नेसलेल्या पुरुषाच्या खांद्यावर उभा आहे.

१६/ याला समांतर दुसरी परंपरा तमाशाची. गवळणीतली 'मावशी' पुरुषच करतो. ती कृष्णाला अडवते, प्रेक्षकांना हसवते. तिसरी परंपरा प्रहसनाची. 'चार्लीज आंट' या १८९२ च्या इंग्रजी नाटकावरून अत्र्यांनी 'मोरूची मावशी' लिहिले, आणि १९८० च्या दशकात विजय चव्हाण यांनी ही मावशी पुन्हा उभी करून नाट्यगृहे दणाणून सोडली. म्हणजे 'बनवाबनवी' आला तेव्हा साडीतला पुरुष हा मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचा होता. आणि सबनीस? 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या लोकनाट्याचे ते कर्ते. तमाशाची नस त्यांना ठाऊक होती.

१७/ आता या दोन 'बायकां'कडे नीट पाहा. सचिनची सुधा बालगंधर्वांच्या वाटेने जाते: नाजूक, नेटकी, क्षणभर खरी वाटावी अशी. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती तमाशातल्या मावशीच्या वाटेने जाते: पदर सावरता सावरता आतला परशा बाहेर डोकावतो. दोन्ही परंपरा एका घरात, एकमेकींच्या जावा म्हणून नांदतात. दिग्दर्शकाने हे ठरवून केले असा माझा दावा नाही; पण विनोद दर वेळी ताजा राहतो, त्याचे हे एक कारण आहे.

१८/ आक्षेपाला येथे थोडे बळ मात्र द्यावे लागेल. मराठी चित्रपटांत बायकी हावभावाच्या पुरुषाची क्रूर थट्टा पुष्कळ झाली आहे. 'नाच्या'च्या भूमिका अप्रतिम करणारे गणपत पाटील यांना त्या प्रतिमेची किंमत खऱ्या आयुष्यात मोजावी लागली. 'बनवाबनवी'तला विनोद बव्हंशी वेगळ्या जातीचा आहे: येथे हसू बायकी पुरुषाला नसून, बाई होणे न जमणाऱ्या पुरुषाला आहे. स्वयंपाक, लाजणे, पाळत आणि शेवटी खोट्या गरोदरपणाचे खरे डोहाळजेवण. घरातल्या बाईला दिवसभर कसे वागावे लागते, याची शिक्षाच परशाला होते. बायका या चित्रपटाला मनापासून हसत आल्या, त्याचे हे एक कारण असावे.

१९/ पण फसवणुकीचा आक्षेप एवढ्याने सुटत नाही. पाहा, या कथेत घर आहे लीलाबाईंच्या मालकीचे. धनंजयची नोकरी आहे माधुरीच्या (अश्विनी भावे) दुकानात. निवारा आणि पगार, दोन्ही स्त्रियांच्या हाती, आणि चारही पुरुष त्यांच्याशी खोटे बोलून ते मिळवतात. १९८८ मध्ये दुकान चालवणारी, पुरुषाला कामावर ठेवणारी नायिका दाखवली हे कौतुकाचे; पण शेवटी सत्य उघड झाल्यावर रागवायला या स्त्रियांना किती वेळ दिला आहे? फारच थोडा. लीलाबाई क्षमा करतात, जोड्या जुळतात, पडदा पडतो. आजच्या मुलींना हा शेवट सैल वाटत असेल, तर त्यांचे म्हणणे रास्त आहे.

२०/ आणि एक गोष्ट, जी या वादात सहसा कोणी काढत नाही. उंबरठ्यावरच्या चौकशीची यादी आठवा. प्रत्यक्ष पुण्यात, आणि मुंबईतही, तीत लग्नाखेरीज आणखी प्रश्न असत. आडनाव काय? खाता काय? धर्म कोणता? जातीवरून, धर्मावरून दार लावले जाणे हे १९८८ मध्ये होते आणि आजही पुरते सरलेले नाही. चित्रपटाने या यादीतला एकच प्रश्न उचलला: लग्न झाले आहे का? कारण त्यावर साडी हा उतारा चालत होता. बाकीच्या प्रश्नांवर कोणते सोंग चालणार?

२१/ हा दोष म्हणायचा की मर्यादा? मी मर्यादा म्हणेन. विनोदी चित्रपट जी भिंत हसत हसत ओलांडता येते तीच निवडतो. पण ज्यांच्यासमोर दुसऱ्या भिंती उभ्या होत्या, त्यांना हा चित्रपट 'आपल्या सर्वांची गोष्ट' वाटला नाही, तर त्यांना विनोद कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. 'सर्वांचा आवडता' या शब्दांत 'सर्व' म्हणजे कोण, हे विचारणे हेच तर इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम.

२२/ आक्षेप तिसरा : विनोदी लाटेने गंभीर चित्रपट बुडवला.
काळाचा क्रम पाहिला तर शंका येणे साहजिक आहे. १९७० च्या दशकात आणि १९८० च्या प्रारंभी 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' येतात. मग महेश कोठारे यांचा 'धुमधडाका' (१९८५), 'दे दणादण' (१९८७), सचिन यांचा 'गंमत जंमत' (१९८७) आणि पाठोपाठ 'बनवाबनवी'. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान १९५४ मध्ये 'श्यामची आई'ला मिळाला. तो पुन्हा मराठीकडे यायला २००४ च्या 'श्वास'पर्यंत वाट पाहावी लागली.

२३/ पण नंतर घडले म्हणून त्यामुळे घडले असे होत नाही. हा दुष्काळ 'धुमधडाका'च्या तीस वर्षे आधीपासूनचा आहे. दुसरे, राज्य सरकारच्या करपरतावा योजनेत निर्मात्याला त्याच्या चित्रपटाने भरलेला मनोरंजन कर पुढच्या चित्रपटासाठी परत मिळे. तिकिटे अधिक खपली तर परतावा अधिक. म्हणजे व्यवस्थाच गर्दीला बक्षीस देणारी होती. त्यात हिंदी चित्रपटांशी चित्रपटगृहांसाठी झगडा, घरात आलेला रंगीत दूरदर्शन आणि गल्लीगल्लीतले व्हिडिओ. विनोदी लाटेने मराठी प्रेक्षकाला तिकीटखिडकीशी धरून ठेवले, हे तिचे श्रेय. एकाच साच्याची सवय लावली, हा तिचा दोष. मात्र त्या दोषाची शिक्षा त्या साच्यातल्या सर्वोत्तम चित्रपटाला द्यावी, हे बरे नव्हे.

२४/ चाहत्यांसाठीही एक कडू घोट. आजची त्याची कीर्ती ही १९८८ च्या तिकीटखिडकीची नुसती पुढची आवृत्ती नाही. दूरदर्शन, मग केबल, १९९९ नंतरच्या मराठी वाहिन्या, आणि आता भ्रमणध्वनीवरची चित्रे व तुकडे अशा पुनरावृत्तीतून ती थरावर थर चढत घडली. ज्या पिढीने तो चित्रपटगृहात पाहिला नाही, तिने तो पाठ केला. पाठ झालेली गोष्ट थोर वाटू लागते. तेव्हा 'सगळ्यांना पाठ आहे' हा गुणवत्तेचा पुरावा म्हणून अपुरा आहे.

२५/ पण पुनरावृत्तीलाही सीमा असते. वाहिन्यांनी त्या काळचे कितीतरी विनोदी चित्रपट असेच वारंवार दाखवले. ते सगळे पाठ झाले नाहीत. येथे कथेची वीण घट्ट आहे: प्रत्येक खोटे आधीच्या खोट्याच्या गरजेतून जन्मते, निव्वळ हशासाठी घुसडलेले नसते. आणि मधोमध अशोक सराफ. साडी न नेसलेला, चेहऱ्यावर काळजी घेऊन फिरणारा धनंजय हा या सोंगांचा हिशेबनीस आहे. बाकीचे घसरतात, तो सावरतो. त्याच्या गांभीर्यावर इतरांचा विनोद उभा राहतो. २०२३ चा 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार त्यांना जाहीर झाला, तेव्हा अनेकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा धनंजय मानेच उभा राहिला असेल.

२६/ मग निवाडा काय? 'बनवाबनवी' कौतुकास पात्र आहे, पण ज्या कारणांसाठी त्याचे कौतुक होते त्यांतली निम्मी कारणे कच्ची आहेत. तो मौलिक नाही. तो उत्तम बेतलेला आहे. तो निर्मळ नाही. फसवलेल्या स्त्रियांचा राग तो घाईने मिटवतो. तो सर्वांचा नाही. उंबरठ्यावरचा एकच प्रश्न त्याने हसण्यावारी नेला. परंतु शहरात आलेल्या, खिसा रिकामा असलेल्या, 'जागा रिकामी नाही' हे वाक्य ऐकून परतलेल्या एका पिढीची बेजारी त्याने रडगाणे न करता नोंदवून ठेवली. त्या काळच्या भाडेकरूंचे खटले न्यायालयांच्या दप्तरांत सापडतील; त्यांची गंमत आणि लाज येथे सापडते.

२७/ या चौघांतले लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे, दोघेही २००४ मध्ये गेले. सबनीस त्याआधी २००२ मध्ये, सुधीर जोशी त्यानंतर थोड्याच काळात, नयनतारा २०१४ मध्ये. चित्रपटातला सरपोतदारही गेला आणि लीलाबाईही गेल्या. पुण्यातले वाडे तर डोळ्यांदेखत इमारती झाले. अशा वेळी 'थोर की सामान्य' हा वाद कोणी जिंकावा, याला मी फारसे महत्त्व देत नाही.

२८/ तरुण मित्रमैत्रिणींना एकच विनंती. पुढच्या वेळी घरात हा वाद पेटला, तर आजीला किंवा काकांना चित्रपटाविषयी विचारू नका. त्यांना विचारा, "तुमची पहिली भाड्याची खोली कुठे होती? मालकाने काय काय विचारले होते? आणि तुम्ही काय खोटे सांगितले होते?" जे ऐकाल ते लिहून ठेवा, सालासकट. कोणत्याही ग्रंथालयात नसलेला इतिहास तेथे मिळेल. आणि घरातली मंडळी पात्रांच्या आधी संवाद का म्हणतात, तेही कदाचित उमगेल.

धागा येथे संपला. तुमच्या घरातली बिऱ्हाडांची गोष्ट खाली अवश्य लिहा.